पर्यायी रूट आणि डोमेन नावांचा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोमेन नावांसाठी एकच रूट असावं की अनेक, हा वाद १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. दर काही वर्षांनी तो नवं रूप घेऊन परत येतो. आधी बंडखोर रजिस्ट्री होत्या, मग ब्राउझरची प्लगइन आली, आता ब्लॉकचेन आहे. आमचं मत आधीच सांगतो: नावांचं शिखर एकच असावं, पण ते कोणाच्या हातात असावं असं विचारणाऱ्याला कुणी वेड्यात काढू नये. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की बहुतेक घोटाळे होतात.

रूट म्हणजे नेमकं काय? जगातल्या सगळ्या डोमेनची यादी?

नाही. डीएनएस म्हणजे नावावरून यंत्राचा आयपी (आकड्यांतला) पत्ता शोधून देणारी व्यवस्था. रूट म्हणजे तिच्या टोकाची जेमतेम दोन एमबीची एक फाइल. .कॉम, .ऑर्ग, .जेपी अशा चौदाशेहून जास्त टॉप लेव्हल डोमेनचे (यापुढे टीएलडी) नेमसर्व्हर, म्हणजे त्यांच्याबद्दल उत्तरं देणारे सर्व्हर, त्यांचे आयपी पत्ते आणि डीएनएसएसईसीच्या (उत्तरांवर डिजिटल सही करायच्या पद्धतीच्या) किल्ल्यांचे ठसे एवढंच तिच्यात असतं. विकिपीडिया.ऑर्ग कुठे आहे हे रूटला ठाऊक नसतं. '.ऑर्गबद्दल अमुक सर्व्हरला विचारा' एवढं सांगून ते बाजूला होतं. हे उत्तर रिझॉल्व्हर (तुमच्या वतीने नाव शोधणारा सर्व्हर) दोन दिवस जपून ठेवतो, म्हणून रूटला खरं तर फार कमी वेळा विचारावं लागतं.

टीएलडीच्या नोंदीत बदल हवा असेल तर विनंती आयकॅन या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या छत्राखालच्या आयाना या नोंदी सांभाळणाऱ्या विभागाकडे जाते. तिथे तपासणी झाल्यावर व्हेरिसाइन ही कंपनी फाइल तयार करून त्यावर सही करते. बारा संस्था ती फाइल जगाला पुरवतात.

आणि तुमच्या रिझॉल्व्हरला हे रूट सापडतं कसं? त्याच्याकडे 'रूट हिंट्स' नावाची छोटी यादी असते. तिच्यात तेरा नावं आणि त्यांचे पत्ते असतात, उदाहरणार्थ ए-रूटचा पत्ता १९८.४१.०.४. सगळं याच एका धाग्यावर लटकलेलं आहे. यादीतले पत्ते बदला, की तुमच्यापुरतं इंटरनेटच्या नावांचं शिखर बदललं. कायदा आड येत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. पर्यायी रूट उभं करणं इतकं सोपं आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

तेराच सर्व्हर का? तेरा यंत्रं बंद पाडली की इंटरनेट बंद?

तेरा ही नावांची संख्या आहे, यंत्रांची नव्हे. जुन्या डीएनएसमध्ये यूडीपीचं (एकाच पाकिटातून जाणारं) उत्तर ५१२ बाइटांत बसवावं लागे आणि तेवढ्या जागेत तेराच नावं-पत्ते मावत. आज एनीकास्टमुळे एकेका पत्त्यामागे जगभर पसरलेली अनेक यंत्रं असतात. एकूण ठाणी दीड हजारांच्या वर आहेत. तेरा हा आकडा पवित्र नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'येती' प्रयोगात २५ रूट सर्व्हर स्वतःच्या किल्लीने चालवून पाहिले होते. मात्र त्या प्रयोगाने नवी टीएलडी घातली नाहीत. नावं तीच होती, फक्त यंत्रणा वेगळी.

पर्यायी रूट म्हणजे सगळे एकाच प्रकारचे का?

अजिबात नाही. चर्चेत तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली दडपल्या जातात.

काही जण अधिकृत रूटची हुबेहूब प्रत स्वतःच्या सर्व्हरवरून देतात. युरोपातलं ओआरएसएन २००२ पासून हेच करायचं. मधली काही वर्षं ते बंद होतं आणि २०१९ मध्ये कायमचं थांबलं. यातून नावांचा घोळ होत नाही.

काही जण अधिकृत यादी घेऊन तिला स्वतःची टीएलडी जोडतात. २००० पासून चालणारं ओपननिक हे त्याचं सर्वांत टिकाऊ उदाहरण. .गीक, .ऑस, .पायरेट अशी नावं फक्त त्यांचे रिझॉल्व्हर वापरणाऱ्यालाच दिसतात.

तिसरा प्रकार डीएनएसच वापरत नाही, पण नावं मात्र डोमेनसारखी दिसणारी देतो. ब्लॉकचेनवरच्या ईएनएसचं .ईटीएच किंवा निनावी वावरासाठीच्या टॉर जाळ्याचं .ओनियन यात येतात.

वाद खरा आहे तो दुसऱ्या प्रकारावरून, आणि अलीकडे तिसऱ्यातल्या काहींवरून.

हे सगळं सुरू कशामुळे झालं?

पैशामुळे आणि अडवणुकीमुळे. सप्टेंबर १९९५ पर्यंत .कॉम नाव फुकट मिळायचं. मग नावं नोंदवणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीने वर्षाला ५० डॉलर आकारायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर आधीच भरावे लागू लागले. विकणारा एकच, नवी टीएलडी बंद. आयानाचा कारभार पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९९६ मध्ये दीडशेपर्यंत नवी टीएलडी आणायचा मसुदा मांडला, पण तो अमलात आला नाही. लोकांनी वाट पाहणं सोडलं. अल्टरनिक, ईडीएनएस, नेम.स्पेस अशी रूटं उभी राहिली.

त्यातल्या अल्टरनिकच्या यूजीन काशपुरेफ यांनी जुलै १९९७ मध्ये निषेध म्हणून इंटरनिकच्या (नेटवर्क सोल्यूशन्सच्या नोंदणी सेवेच्या) साइटवर जाणाऱ्यांना स्वतःच्या साइटकडे वळवलं. रूट बदलून नव्हे, तर कॅशेत (रिझॉल्व्हरने जपून ठेवलेल्या उत्तरांत) विष कालवून. उत्तरासोबत आलेल्या असंबद्ध जादा नोंदींवरही त्या काळचा बाइंड (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) विश्वास ठेवायचा, त्या फटीचा त्यांनी फायदा घेतला. पुढे त्यांना अटक झाली. पर्यायी रूट म्हणजे हॅकिंग, हा समज तिथून चिकटला. तो चुकीचा आहे. हिंट्स बदलणारा स्वतःच्याच यंत्रावर निर्णय घेतो, कॅशे नासवणारा दुसऱ्याच्या.

२८ जानेवारी १९९८ ला खुद्द पोस्टेल यांनी आठ रूट चालकांना ईमेल पाठवून झोन (म्हणजे रूटची फाइल) आयानाच्या सर्व्हरवरून घ्यायला सांगितलं, आणि त्यांनी तसं केलं. अमेरिकी सरकारचा दबाव आल्यावर 'ही चाचणी होती' असं म्हणत ते मागे घेतलं गेलं. त्या काही दिवसांत कुणाचंही नाव बिघडलं नाही, कारण फाइल तीच होती. आमच्या दृष्टीने या इतिहासातली ही सर्वांत बोलकी घटना. अधिकार हलला, नावं हलली नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस आयकॅन स्थापन झाली.

दोन रूटांत एकच टीएलडी असेल तर नेमकं काय बिघडतं?

.बिझचं उदाहरण घ्या. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पर्यायी रूटांमध्ये .बिझ अस्तित्वात होतं. त्यात नावं नोंदवलेली होती. नोव्हेंबर २००० मध्ये आयकॅनने सात नवी टीएलडी निवडली आणि त्यांत .बिझही आलं, वेगळ्या कंपनीकडे. २००१ पासून जगात दोन .बिझ झाली.

आता 'नमुना.बिझ' हे नाव पर्यायी रूटात एका दुकानदाराचं आणि अधिकृत रूटात दुसऱ्याच कुणाचं आहे असं धरा. दुकानदार स्वतःच्या संगणकावर नाव टाइप करतो. साइट उघडते, सगळं छान. त्याचा ग्राहक त्याच पत्त्यावर ऑर्डरचं ईमेल पाठवतो. ग्राहकाच्या ईमेल सेवेचा सर्व्हर अधिकृत रूटला विचारतो, त्याला दुसऱ्याच कुणाचा मेल सर्व्हर मिळतो आणि ईमेल तिथे व्यवस्थित पोहोचतं. परत येत नाही, चूक दाखवत नाही. ऑर्डर, पत्ता, फोन नंबर अनोळखी माणसाच्या इनबॉक्समध्ये.

साइट न उघडणं परवडलं, कारण ते निदान कळतं. चुकीच्या ठिकाणी बिनबोभाट पोहोचणं हे खरं नुकसान. आणि हे फक्त टाइप करण्यापुरतं नसतं. नावं पानांतल्या दुव्यांत असतात, ईमेलच्या सह्यांत असतात, छापील कागदांवर असतात. एकाने दिलेलं नाव दुसरा तिसऱ्या जागी वापरतो, आणि त्या तिघांची रूटं एकच असतील याची हमी कोण देणार?

पर्यायी .बिझवाल्यांनी 'आम्ही आधी होतो' असं सांगितलं. ते खरंही होतं. पण आधी असण्याची नोंद ठेवायला दोन्ही रूटांच्या वर कुणी नव्हतं.

मग 'एकच रूट' हे तांत्रिक सत्य आहे की सत्ता टिकवायची सबब?

तांत्रिक भाग खरा आहे. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने मे २००० मध्ये आरएफसी २८२६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक कागद) तो मांडला: एकाच नावाचा अर्थ विचारणाऱ्यानुसार बदलू द्यायचा नसेल, तर उतरंडीच्या टोकाला एकच सामाईक रूट लागतं. वरची दुकानदाराची गोष्ट त्याचाच परिणाम आहे. त्या कागदात 'ते रूट अमुक संस्थेने चालवावं' असं कुठेही सिद्ध केलेलं नाही. ते सिद्ध करता येतही नाही.

जुलै २००१ मध्ये आयकॅनने आयसीपी-३ या कागदात 'एकमेव आणि अधिकृत' असे दोन शब्द एकत्र बांधले. एकमेव असणं ही गणितासारखी अट आहे, तर अधिकृत असणं हा करार. पहिल्याच्या खांद्यावर बसून दुसऱ्याने टीका टाळू नये, ही पर्यायीवाल्यांची तक्रार आम्हाला रास्त वाटते.

दारही महाग आहे. २०१२ च्या फेरीत टीएलडीच्या एका अर्जाला १,८५,००० डॉलर लागत होते. २०२६ च्या फेरीत मूळ शुल्क २,२७,००० डॉलर आहे. छोट्या भाषिक गटाने किंवा स्वयंसेवी मंडळाने एवढे कुठून आणायचे? पण या दुखण्यावर दुसरं रूट हा उपाय लागू पडत नाही. त्यातून नाव मिळतं, नावाची ओळख मिळत नाही.

एखाद्या देशाचं टीएलडी राजकारणापायी रूटमधून काढलं तर?

ही भीती हवेतली नाही. मागण्या झालेल्या आहेत. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनने रशियाचं .आरयू रद्द करा अशी विनंती केली. २ मार्चला आयकॅनने नकार कळवला. त्याआधी इराण, सीरिया आणि उत्तर कोरियाविरुद्ध अमेरिकेत नुकसानभरपाईचे निकाल मिळवलेल्यांनी त्या देशांची टीएलडी जप्त करून मागितली होती. २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती मागणी फेटाळली. १ ऑक्टोबर २०१६ पासून अमेरिकी सरकारची आयानावरची करारी देखरेखही संपली. तरी आयकॅन कॅलिफोर्नियातली संस्था आहे आणि तिथल्या कायद्याखाली येते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

रशियाने १ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने स्वतःची राष्ट्रीय डीएनएस यंत्रणा उभी केली, ती याच भीतीपोटी असं तिथे सांगितलं जातं. अशी यंत्रणा प्रत म्हणून राहिली तर विमा. पण त्याच यंत्रणेतून एखादं नाव नागरिकांसाठी गायबही करता येतं. कुलूप आणि किल्ली एकाच हातात जातात.

ब्लॉकचेनने हा प्रश्न सोडवला ना?

मालकीचा प्रश्न काही अंशी सोडवला. २०११ मधल्या नेमकॉइनच्या .बिटपासून हे सुरू झालं, २०१७ मध्ये ईएनएस आलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये हँडशेक. नाव कुणी परस्पर काढून घेऊ शकत नाही, हे खरं आहे. खासगी किल्ली हरवली तर तुम्हालाही ते परत मिळत नाही, हेही तितकंच खरं.

हँडशेक थेट रूटवरच दावा सांगतं. तिथे टीएलडीचा बंद बोलींचा लिलाव होतो, जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी रक्कम मोजतो आणि साधारण दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या वेळची अधिकृत टीएलडी आणि अलेक्साच्या लोकप्रिय साइटांच्या यादीतली पहिली एक लाख नावं त्यांनी मूळ मालकांसाठी राखून ठेवली. ही जाणीव चांगली आहे. पण पुढे आयकॅन जी टीएलडी देईल त्यांचं काय? तिथे टक्कर ठरलेलीच.

ब्लॉकचेनच्या साखळ्या एकमेकींनाही धडकतात. अनस्टॉपेबल डोमेन्स .कॉइन विकत होती. २०२२ मध्ये लक्षात आलं की एमरकॉइनच्या साखळीवर .कॉइन आधीपासून आहे, आणि कंपनीला ते बंद करावं लागलं. २००१ चं .बिझ पुन्हा घडलं. एकेका साखळीच्या आत एकमत होतं, पण दोन साखळ्यांमध्ये निवाडा करायला पुन्हा वर एक रूट लागतं.

.ईटीएचबद्दल एक बारकावा: ईटीएच हा इथिओपियाचा तीन अक्षरी आयएसओ कोड आहे आणि असे कोड २०१२ च्या फेरीत अर्जासाठी बंद होते. त्यामुळे ते नाव अधिकृत रूटात आलेलं नाही. संरक्षण मिळालं, पण योगायोगाने.

.ओनियन हेही पर्यायी रूटच ना?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०१५ मधल्या आरएफसी ७६८६ ने .ओनियन राखीव केलं, म्हणजे ते कधीच कुणाला दिलं जाणार नाही. टॉरने वेगळी यंत्रणा आणली, पण नावांची सामाईक जागा मान्य केली. याच वाटेने सप्टेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४७६ ने .अल्ट राखून ठेवलं. डीएनएसबाहेरची कोणतीही नावव्यवस्था त्याखाली बिनधास्त नांदू शकते. शेपटाला .अल्ट लावणं बाजारात आकर्षक वाटत नाही, म्हणून विकणारे तिकडे फिरकत नाहीत. प्रयोग करणाऱ्यांनी मात्र तिथेच करावेत.

माझा रिझॉल्व्हर कोणतं रूट वापरतो हे कसं ओळखायचं?

'डिग' ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा वापरा. पाच तपासण्या पुरतात.

आधी टिंबाची, म्हणजे रूटचीच, एनएस (नेमसर्व्हरांची) नोंद मागा. अधिकृत रूट असेल तर 'रूट-सर्व्हर्स.नेट'खाली ए ते एम अशी तेरा नावं येतील. मग एसओए (झोनची मूळ माहिती देणारी नोंद) मागा. त्यातला अनुक्रमांक तारखेने सुरू होतो, वर्ष-महिना-दिवस आणि शेवटी दोन आकडे. तो दोन-तीन दिवसांपेक्षा जुना असेल तर प्रत शिळी आहे. तिसऱ्यांदा डीएनएसकी (सहीच्या किल्ल्यांची नोंद) मागा आणि ध्वज २५७ असलेल्या किल्लीचा टॅग, म्हणजे ओळख क्रमांक, पाहा. ११ ऑक्टोबर २०१८ पासून सही करणारी किल्ली २०३२६ ही आहे. तिची वारसदार ३८६९६ जानेवारी २०२५ पासून शेजारी दिसते आणि ऑक्टोबर २०२६ मध्ये तिने सहीचं काम हाती घ्यावं असं ठरलेलं आहे. चौथी तपासणी: जे नाव फक्त पर्यायी रूटात आहे ते विचारा. अधिकृत रूट 'असं नाव नाही' म्हणजे एनएक्सडोमेन देईल.

पाचवी तपासणी लोक विसरतात. काही नेटवर्क डीएनएसच्या पोर्ट ५३ वरची वाहतूक मधेच अडवून स्वतःच उत्तर देतात. तसं असेल तर तुम्ही हिंट्समध्ये काहीही लिहा, फरक पडत नाही. १९२.०.२.१ हा फक्त उदाहरणांसाठी राखलेला पत्ता आहे, तिथे कोणताही सर्व्हर नसतो. त्यालाच एक प्रश्न विचारा. उत्तर आलं, तर मधे कुणीतरी बसलं आहे.

पर्यायी टीएलडी लावल्यावर सगळंच 'सर्व्हफेल' का होतं?

'सर्व्हफेल' म्हणजे रिझॉल्व्हरला उत्तर देता आलं नाही. ही सर्वांत जास्त येणारी अडचण आहे आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी डीएनएसएसईसी असतं.

तुम्ही हिंट्सची पूर्ण यादी बदलली, पण रिझॉल्व्हरमध्ये विश्वासाचा नांगर (सगळ्या सह्या जिच्या आधाराने तपासायच्या ती किल्ली) अधिकृत किल्लीचाच राहिला, तर पर्यायी रूटची किल्ली त्याच्याशी जुळत नाही. मग फक्त नवी टीएलडी नव्हे, .कॉमसकट सगळं पडतं. अधिकृत फाइलमध्ये एक ओळ जरी वाढवली तरी मूळ सही टिकत नाही, कारण कोणत्या नावानंतर कोणतं नाव येतं याची साखळीही सहीखाली असते. म्हणून नावं वाढवणाऱ्या रूटला स्वतःच्या किल्लीने पुन्हा सही करावी लागते आणि तुम्हाला तीच किल्ली विश्वासाची म्हणून बसवावी लागते. इथे हात थांबू द्या. ती किल्ली ज्याच्याकडे आहे तो .कॉमबद्दलही काहीही सांगू शकतो.

सुरक्षित वाट वेगळी आहे. रूट अधिकृतच ठेवा आणि हवी तेवढीच टीएलडी बाजूने जोडा. अनबाउंड या रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरमध्ये त्या टीएलडीसाठी 'स्टब-झोन' लिहा आणि तिच्या नेमसर्व्हरचा पत्ता द्या. बाइंडमध्ये 'स्टॅटिक-स्टब' वापरा. एवढ्यावर थांबलात तर पुन्हा सर्व्हफेल येईल, कारण अधिकृत रूट सहीनिशी सांगतं की असं टीएलडी नाहीच. त्या एका टीएलडीला तपासणीतून वगळा: अनबाउंडमध्ये 'डोमेन-इनसिक्युअर', बाइंडमध्ये 'व्हॅलिडेट-एक्सेप्ट'. कंटाळून तपासणी पूर्ण बंद करू नका. एका हौशी नावापायी बँकेच्या नावाचं संरक्षण गेलं, असं व्हायला नको.

गोंधळ डीएनएसएसईसीचाच आहे का, हे पाहायला 'डिग'ला तपासणी थांबवायचा सीडी ध्वज द्या. त्याने उत्तर आलं आणि त्याशिवाय सर्व्हफेल, तर निदान पक्कं.

आणि सेटिंग बदलल्यावर कॅशे रिकामी करा. रूटकडून आलेलं 'नाव नाही' हे उत्तर ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस, जपून ठेवता येतं. बदल बरोबर असूनही 'चालत नाही' म्हणून उलटसुलट प्रयोग करत बसणारे खूप भेटतात.

डिगमध्ये उत्तर येतं, पण ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही. का?

दोन कारणं. ब्राउझरने स्वतःचं सुरक्षित डीएनएस धरलं असेल तर तुमच्या रिझॉल्व्हरला तो विचारतच नाही. फायरफॉक्समध्ये ते बंद करा किंवा तुमच्याच रिझॉल्व्हरचा पत्ता द्या. व्हीपीएन आणि फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस हाच खोडा घालतात. दुसरं म्हणजे पत्त्याच्या पट्टीत अनोळखी शेपूट दिसलं की ब्राउझर त्याला शोधशब्द समजतो. आधी 'एचटीटीपी://' लिहा किंवा शेवटी तिरकी रेघ द्या.

कुलपाचं चिन्ह आणि ईमेल?

कुलपासाठी लागणारं सार्वजनिक सर्टिफिकेट पर्यायी नावाला मिळत नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था नाव अधिकृत रूटवरूनच तपासतात, आणि रूटात नसलेल्या नावांची जुनी सर्टिफिकेटंही १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायचा नियम होता. .ओनियनला अपवाद मिळाला तो राखीव झाल्यामुळे. स्वतःची सर्टिफिकेट संस्था उभारता येते, पण पाहुण्यांना 'आमचं मूळ सर्टिफिकेट बसवा' असं सांगणं धोक्याचं आहे. नावांची मर्यादा घातलेली नसेल तर ते सर्टिफिकेट कोणत्याही साइटची तोतयेगिरी करू शकतं.

ईमेलसाठी तर असं नाव वापरूच नका. समोरच्या सर्व्हरला पाठवणाऱ्याचं डोमेन सापडत नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये ही तपासणी चालू असेल तर ४५० क्रमांकाचा तात्पुरता नकार येतो, तुमचा सर्व्हर दिवसेंदिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि शेवटी पत्र परत येतं.

कार्यालयातल्या यंत्रांना मनाने एखादं टीएलडी दिलं तर तेही पर्यायी रूटच का?

छोट्या प्रमाणात हो, आणि त्याचा फटका मोठा बसलेला आहे. .कॉर्प, .होम, .मेल ही नावं लोकांनी अंतर्गत जाळ्यांत इतकी वापरली की रूट सर्व्हरवर त्यांच्या चौकश्यांचा पूर येत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयकॅनच्या मंडळाने ती तिन्ही न देण्याचा ठराव केला. इतर नवी टीएलडी देताना ९० दिवस मुद्दाम १२७.०.५३.५३ हे उत्तर दिलं जाई. लॉगमध्ये हा पत्ता दिसला, तर तुमचं अंतर्गत नाव बाहेर गळतंय असं समजा.

अंतर्गत वापरासाठी जुलै २०२४ मध्ये राखीव ठरलेलं .इंटर्नल घ्या, घरच्या जाळ्यासाठी होम.आर्पा. सर्वांत उत्तम म्हणजे स्वतःच्या नोंदवलेल्या डोमेनखालचं उपडोमेन.

बाहेरच्या रूट सर्व्हरवर अवलंबून राहायचं नाही, पण नावांचा घोळही नको. मार्ग आहे?

आहे, आणि पर्यायी रूटाइतकी चर्चा त्याची होत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं. रूटची पूर्ण प्रत स्वतःच्याच रिझॉल्व्हरमध्ये ठेवा. आरएफसी ८८०६ मध्ये पद्धत दिली आहे. बाइंडमध्ये टिंबाच्या झोनला 'मिरर' हा प्रकार दिला की झालं. अनबाउंडमध्ये 'ऑथ-झोन' लिहा, त्यात 'फॉर-अपस्ट्रीम' हो, 'फॉर-डाउनस्ट्रीम' नाही आणि 'फॉलबॅक-एनेबल्ड' हो.

शेवटचा पर्याय विसरू नका. एसओएप्रमाणे प्रत सात दिवसांत ताजी झाली नाही तर ती बाद होते, आणि फॉलबॅक नसेल तर त्या क्षणी सगळी नावं बंद पडतात. जबरदस्तीने जुनी प्रत चालवली तरी सह्यांची मुदत सुमारे दोन आठवड्यांत संपते. डिसेंबर २०२३ पासून झोनसोबत झोनएमडी ही पडताळता येणारी बेरीजही येते, त्यामुळे प्रत कुणी बदलली का हे तपासता येतं. रूटसाठीच्या चौकश्या बाहेर जात नाहीत, रूटवर हल्ला झाला तरी तुमचं काम चालू राहतं, आणि .बिझ सगळ्यांचं एकच राहतं.

पर्यायी रूटवरचं नाव घेऊ का? आधीच घेतलं असेल तर?

घेण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारा: माझ्या ग्राहकाने काहीही न बसवता हे नाव उघडेल का? 'गेटवेतून (मधल्या साइटमार्फत) उघडेल' असं उत्तर आलं तर ते नाव प्रत्यक्षात गेटवेच्या नेहमीच्या डोमेनखालचं उपडोमेन आहे. २००१ मध्ये न्यू.नेट हेच करत होतं. वीस टीएलडी विकली, आणि प्लगइन शेवटी न्यू.नेट जोडून सगळं साध्या डीएनएसमधूनच शोधायचं. आज .ईटीएच.लिमो तसंच चालतं. न्यू.नेटच्या .शॉप, .क्लब, .ट्रॅव्हल, .एक्सएक्सएक्स या शेपटांचं काय झालं तेही आठवा: ती सगळी पुढे अधिकृत रूटात आली, वेगळ्या मालकांकडे.

आधीच घेतलं असेल तर साइट एका अधिकृत डोमेनवरही उभी करा आणि छापील मजकुरात, ईमेलमध्ये, दुव्यांत तेच वापरा. पर्यायी नावावर पासवर्ड किंवा पैशाचं काहीही ठेवू नका. २०२६ च्या फेरीतल्या अर्जांची यादी आयकॅन जाहीर करते. तिच्यात तुमचं शेपूट आहे का ते पाहा. असेल, तर ते रूटात येण्याच्या आत सगळे दुवे हलवा. नंतर त्याच नावावर तुमच्या वाचकांना दुसऱ्याच कुणाचं पान दिसेल.